उजवीकडचा खिसा

पडद्यांच्या त्या दुकानात तिला सगळे खिसेवाली म्हणत आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं. आता यात आवडण्यासारखं काय, असं कुणीही विचारेल. पण माणसाला आपलं म्हणून काहीतरी हवं असतं. कुणाचा आवाज गोड असतो, कुणाची उंची नजरेत भरते. हिची उंची बेताची, आवाज चारचौघींसारखा, आणि चेहरा असा की तीनदा ओळख करून दिली तरी लोक चौथ्यांदा नाव विचारायचे. हिच्याकडे होते ते सदरे.

लांब बाह्यांचे, गुडघ्याच्या जरा वर येणारे, साध्या सुती कापडाचे. राखाडी, मातकट, धुवट निळे. छातीवरचा खिसा सगळ्यांचा डावीकडे असतो, हिचा उजवीकडे असायचा. बटणंही उलट्या बाजूने लागायची. खालची कड एका अंगाला दोन बोटं उतरलेली आणि त्या उतरत्या कडेला भलत्याच रंगाच्या कापडाची पट्टी, राखाडीला पिवळी, निळ्याला विटकरी. असा सदरा घालून, नमुन्यांची जाडजूड पुस्तकं काखेत मारून ती काउंटरमागून बाहेर आली की गिऱ्हाईक आधी तिच्याकडे बघायचं आणि मग पडद्यांकडे. सहा वर्षांत ती दुसऱ्या कशात दुकानात दिसली नव्हती. नाव आठवलं नाही तर लोक सरळ सांगायचे, त्या तिरप्या कडेच्या बाईंना बोलवा.

आणि कुणी विचारलं, हे शिवतं कोण, तर ती म्हणायची, मीच.

शिवते कसली! सुईत दोरा ओवायचा तर हिला चार वेळा तो तोंडात घालावा लागायचा. ते सगळे सदरे तिच्या थोरल्या बहिणीने शिवले होते. आणि ते अंगात घालून धाकटी रोज लोकांत मिरवते आहे, याची थोरलीला गंधवार्ताही नव्हती. हे असं कसं झालं ते पहिल्यापासूनच सांगायला हवं, नाहीतर खिसेवालीचा उगाच राग यायचा.

थोरली तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, आई एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात पाळ्यांवर जायची. धाकटीची वेणीफणी, अभ्यास, ताप-खोकला, सगळं थोरलीच्या गळ्यात. तिनं कधी कुरकुर केली नाही. घरात आईचं जुनं शिलाई मशीन होतं, त्यावर ती आपली आपण शिवायला शिकली. पण ती डावखुरी, आणि घरातली कात्री उजव्या हाताची, सगळ्यांच्या घरी असते तशी. ती डाव्या हातात धरली की खडूची रेघ पात्याआड जाते आणि कात्री सरकत सरकत आपल्या वाटेने निघते. म्हणून थोरलीने बेतलेल्या कपड्याची कड नेहमी एकीकडे उतरायची. तिथले दोरे सुटायचे, ते झाकायला ती हाताशी असेल त्या चिंधीची पट्टी लावायची. खिसा उजवीकडे, कारण डाव्या हाताला उजवीकडचा खिसा सोयीचा. बाकीच्या जगाचा हात वेगळा आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही. शिकवायलाच कुणी नव्हतं तर येणार कुठून?

धाकटी मोठ्या शाळेत जाईपर्यंत काही बिघडलं नाही. मोठ्या शाळेत बिल्ला असायचा आणि तो खिशावर शिवायचा. वर्गाचा फोटो निघाला, त्यात चाळीस मुलींचे बिल्ले एका बाजूला आणि हिचा एकटीचा दुसऱ्या बाजूला. झालं, पोरींनी नाव पाडलं, आरसा. मधल्या सुट्टीत तिच्यासमोर उभ्या राहून भांग पाडायच्या, तोंड वेंगाडून दात बघायच्या. वर्षभर तिनं सोसलं. मग एका दुपारी घरी येऊन ब्लेडने खिसा उसवून काढला. खिशाखालचं कापड उन्हाने विटलं नव्हतं, तिथे चांगला गडद चौकोन उठून दिसायला लागला. म्हणजे आधीच बरं होतं. संध्याकाळी थोरलीने विचारलं, खिसा कुणी फाडला. तेव्हा धाकटीने तोंड उघडलं.

"तू शिवलेलं घालून लोकांत जायची मला लाज वाटते."

थोरलीने तो सदरा घडी करून ठेवला आणि स्वयंपाकाला लागली. पुढच्या आठवड्यात दुकानातला तयार गणवेश घरात आला. त्यानंतर थोरलीने अंगावरचे कपडे शिवणं बंद केलं. एका दुकानाला उशांचे अभ्रे आणि चादरी शिवून द्यायला लागली. अभ्र्याला उजवं-डावं नसतं, असं ती एकदा हसत म्हणाली होती. धाकटीला ते ऐकून कानकोंडं झालं, पण माफी मागितली का? नाही मागितली. आज मागू, उद्या मागू करता करता राहून गेलं, आणि तिची शाळाही संपली.

पुढे धाकटीला दुसऱ्या शहरात पडद्यांच्या दुकानात नोकरी लागली. आईचे गुडघे गेले होते, म्हणून थोरली आईपाशी राहिली. निघायच्या दिवशी थोरलीने तिच्या बॅगेत अगदी तळाशी एक राखाडी सदरा ठेवला. इतक्या वर्षांनी तिनं तो शिवला होता, आणि देताना चेहरा असा केला होता की जणू चोरीचा माल देते आहे. म्हणाली, खोलीवर घालायला होईल, तिथे कोण बघतंय.

आता नशिबाचा खेळ बघा. नोकरीचा दुसराच आठवडा, खोलीच्या माळ्यावरची टाकी गळली आणि दोरीवरचे, कपाटातले सगळे कपडे भिजून चिंब. बॅगेतला राखाडी सदरा तेवढा कोरडा. तो घातला, वरून स्वेटर चढवला आणि दुकानात गेली. दुपारी उकाड्याने जीव नकोसा झाला तेव्हा स्वेटर काढावाच लागला. काढला तो आणि तिनं खिशावर हात ठेवला. समोर लोकांची घरं सजवून देणाऱ्या एक बाई बसल्या होत्या, दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्या हातातला नमुना खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. मालकही बघायला लागले. धाकटीला वाटलं, आता आरसा म्हणणार.

बाई म्हणाल्या, किती वेगळं आहे हे, कुठून शिवून घेतलंत? थट्टा नव्हती. खरंच विचारत होत्या. ताईने शिवलंय, हे दोन शब्द अगदी ओठांवर आले होते. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे असं बघत होतं, आणि ते बघणं लगेच दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचं तिच्या जिवावर आलं. तोंडून निघालं, "मीच शिवते."

एकदा बोलून गेली आणि अडकली. आता रोज तसं काहीतरी घालणं भाग होतं. तिनं थोरलीला फोन केला, आणखी तीन-चार शिवून पाठव म्हणाली. थोरलीने विचारलं, कुठे घालणार? धाकटीने सांगितलं, कुठे म्हणजे, घरातच. घरातच ना, मग देते, असं थोरली म्हणाली आणि तिच्या आवाजातला आनंद लपेना. दोन महिन्यांनी एक असे सदरे येत राहिले. प्रत्येकाच्या खिशात कागदाच्या पुडीत एक जादा बटण असायचं.

धाकटी घरी जाताना दुकानातून घेतलेला साधा कुडता घालायची आणि घरात शिरल्या शिरल्या बदलून थोरलीचा सदरा चढवायची. केवढा हा बंदोबस्त! थोरली कौतुकाने बघायची, म्हणायची, घरातल्या घरात बरा दिसतो गं तुला. आणि धाकटी मान खाली घालून चहाचा कप फिरवत बसायची. लाज वाटायची का? वाटायची, चांगली वाटायची. लहानपणी तिला सदऱ्याची लाज होती, आता स्वतःची होती. पण सोमवार आला की पुन्हा तीच खिसेवाली.

दुकानात एका माणसाला मात्र सगळं ठाऊक होतं. कापड फाडून आणि कापून देणारे काका, तीस वर्षं कात्री चालवलेले. दुसऱ्या का तिसऱ्या महिन्यात त्यांनी तिच्या सदऱ्याची कड बोटांत धरून पाहिली, मग पावती लिहिणारा तिचा उजवा हात पाहिला. ओरडले नाहीत, चारचौघांत विषय काढला नाही. हळू आवाजात म्हणाले, हे डाव्या हाताचं काम आहे, शिवणारीला सांग, असा हात मी बघितला नाही. तिनं हो म्हटलं. हा निरोप तिनं सहा वर्षांत थोरलीला दिला नाही. दिला असता तर काय सांगणार होती, काकांनी तुझा सदरा माझ्या खोलीवर येऊन बघितला?

आणि मग दुकानाला पंचवीस वर्षं झाली. मालकांच्या डोक्यात आलं, काउंटरवरच्या सगळ्या बायकांना एकसारखा पोशाख द्यायचा, आणि तो खिसेवालीच्या पद्धतीचा. सुट्टीच्या दिवशी दुपारी छोटा समारंभ, प्रत्येकाच्या घरचं एक माणूस बोलवायचं. धाकटीने आधीच सांगून टाकलं, माझ्या बहिणीला आईला सोडून येता येत नाही. पण मालकीणबाई प्रेमळ पडल्या. त्यांनी नोकरीच्या अर्जावरचा पत्ता शोधून थोरलीला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. पोशाखाचं गुपित ठेवलं, एवढंच लिहिलं की तुमच्या बहिणीचा सत्कार आहे, नक्की या. थोरलीनेही आईपाशी शेजारणीला बसवलं आणि धाकटीला कळवलं नाही. तिलाही गंमत करायची होती.

त्या दुपारी कापडाच्या ताग्यांमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. धाकटी निळ्या सदऱ्यात, विटकरी पट्टी लावलेल्या, दारापाशी उभी होती. दारातून थोरली आत आली.

थोरलीच्या अंगात नवा कोरा पांढरा सदरा होता. खिसा डावीकडे. बटणं सगळ्या जगाची असतात तशी. खालची कड सरळ करायचा प्रयत्न होता, पण टाके दारू पिऊन चालल्यासारखे. उजव्या अंगठ्याला जाड पट्टी गुंडाळली होती. आणि धाकटीला बघून तिचा आनंदाने फुललेला चेहरा एकदम उतरला.

ती लगबगीने पुढे आली, आपल्या हातातली पिशवी धाकटीच्या छातीपुढे धरून खिसा झाकला आणि कानाशी लागून म्हणाली, अगं, हे काय, घरातला घालून कशी आलीस? आज सत्कार ना तुझा? मग पिशवी जरा उघडून दाखवली. आत आणखी एक पांढरा सदरा, डाव्या खिशाचा. पत्र आल्यापासून महिनाभर ती उजव्या हाताने कात्री धरायला शिकत होती. दोन चादरींचं कापड वाया गेलं, अंगठा सोलून निघाला, पण जमलं, म्हणाली. लोकांत आपल्यामुळे तुला खाली बघायला लागू नये.

तेवढ्यात काउंटरवरची एक मैत्रीण आली, ओळख करून घेतली, थोरलीला खालून वर न्याहाळलं आणि धाकटीला हसत म्हणाली, अगं खिसेवाले, घरच्या माणसाला जरा शिकवायचं तरी! आणि धाकटी हसली. हो, हसली. वेळ मारून न्यायची सहा वर्षांची सवय, तोंड आपोआप हसलं. थोरलीही हसली, तिला वाटलं आपल्या वाकड्या टाक्यांबद्दल बोलताहेत, आणि ते खरंच होतं. तिनं अंगठा मुठीत लपवला.

मालकांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना बसवलं. नव्या पोशाखाचं जाहीर केलं. धाकटीला पुढे बोलावून म्हणाले, सांगा आता सगळ्यांना, हे तुम्हाला सुचलं कसं?

ती उभी राहिली. समोरच्या ओळीत थोरली पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती, अजून वेळ आहे, पटकन बदलून ये, असं डोळ्यांनी खुणावत होती. तिला वाटत होतं, बहिणीच्या वाकड्या कपड्याबद्दल सगळ्यांसमोर विचारणा चालली आहे. धाकटीला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"मला काहीच सुचलेलं नाही," ती म्हणाली. "मला शिवता येत नाही. हे सगळे सदरे माझ्या ताईने शिवलेत. हा खिसा तिचा आहे, ही कड तिची आहे."

सगळ्यांच्या माना थोरलीकडे वळल्या. आणि थोरली घाईघाईने उठून उभी राहिली. पिशवी खाली पडली.

"तिला काही बोलू नका," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी डावखुरी आहे, माझं लहानपणापासून असंच होतं. तिनं घरात घालायला घेतले होते, आज घाईत आली असेल. आता मी शिकलेय उजव्या हाताने. हे बघा." आणि तिनं आपल्या सदऱ्याचा डावीकडचा खिसा बोटांत धरून सगळ्यांना दाखवला.

धाकटीला जमिनीने गिळावं असं झालं. सहा वर्षांत कुणी तिला पकडलं असतं, चोर म्हटलं असतं, हाकलून दिलं असतं, तरी याच्याहून सोपं गेलं असतं. तिनं सगळ्यांसमोर आपला गुन्हा कबूल केला होता, आणि थोरलीने तो उचलून आपल्या पदरात घेतला होता, लहानपणीच्या त्या फाटक्या खिशासारखा. तिला वाटलं होतं, खरं बोललं की मोकळं होता येतं. कसलं मोकळं आणि कसलं काय.

काका उठले. थोरलीपाशी जाऊन तिचा वाकडा टाका त्यांनी बोटाने चाचपला आणि म्हणाले, बाई, या लोकांना हे नकोय, त्यांना तुमच्या डाव्या हाताचं हवंय. मालकांनीही सावरून घेतलं, म्हणाले, सगळे सदरे आता तुमच्याकडूनच करून घ्यायचे. थोरली मान डोलावून म्हणाली, देते की, सगळे नीट डावीकडच्या खिशाचे करून देते. मालक म्हणाले, नाही हो, उजवीकडचेच हवेत. तेव्हा थोरलीने धाकटीकडे बघितलं. ही माणसं आपली चेष्टा तर करत नाहीत ना, एवढंच तिला बहिणीच्या तोंडावर वाचायचं होतं.

परतीच्या बससाठी दोघी थांब्यावर आल्या तेव्हा उन्हं कलली होती. मघाची मैत्रीण माफी मागून गेली होती, मालकीणबाईंनी थोरलीचे दोन्ही हात धरले होते, सगळं यथासांग झालं होतं. बस आली. धाकटीही तिच्यासोबत घरी निघाली होती, दोघी शेजारी बसल्या. बऱ्याच वेळाने थोरलीने विचारलं, त्यांना खरंच आवडतं का गं, का तू सांगून ठेवलं होतंस? धाकटी म्हणाली, खरंच आवडतं, सहा वर्षं आवडतंय.

थोरलीने पिशवीतल्या पांढऱ्या सदऱ्याची नीट घडी घातली.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "मग मला घरात घालते म्हणून का सांगत होतीस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर धाकटीला काहीतरी बोलता आलं असतं. तिला नुसतं समजून घ्यायचं होतं, हिशोबात न बसणारी एखादी गोष्ट माणूस पुन्हा विचारतो तसं. धाकटीने तोंड उघडलं, पण खोटं सुचेना आणि खरं उच्चारवेना. थोरलीने पुन्हा विचारलं नाही.

तिकीट तपासणारा आला. थोरलीने सवयीने डावा हात छातीकडे नेला. पण खिसा आता डावीकडे होता. हात तिथे नीट वळेना, कोपर वर करून, मनगट वाकडं करून तिनं बोटं आत घालायचा प्रयत्न केला, दोनदा. तपासणारा ताटकळत उभा राहिला, मागचे लोक बघायला लागले. धाकटीने मदतीला हात पुढे केला, तर थोरलीने तो हळूच बाजूला सारला आणि पट्टी बांधलेल्या उजव्या अंगठ्याने तिकीट ओढून काढलं.

"होईल सवय," ती तपासणाऱ्याकडे बघून ओशाळं हसली. "नवीनच आहे."